बीबीवरून जाणारी गाडी

आमच्या खामगावात रेल्वे येते, पण पुढे कुठे जात नाही. जलंबहून निघते, इथे येऊन दम खाते आणि आली तशी परत जाते. गावात कुणाला याचं काही वाटत नाही. नळाला कधीतरी पाणी येतं, तशी जलंबची गाडी कधीतरी येते, एवढंच. वाटायचं ते एकट्या हिवराळे सरांना. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हापासून ते गेले तोवर, रूळ जिथे संपतात त्या टोकाशी त्यांचं भांडण चालूच होतं.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि मी चित्रकला. म्हणजे शाळेच्या हिशेबात दोघंही बिनमहत्त्वाचे, त्यामुळे आमची गट्टी लवकर जमली. उंच, जरासे वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात खडू, आणि त्या खिशाला कायम पिठाळ डाग. घाई हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. घंटा झाली, मुलं वर्गात ओरडताहेत, मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे आहेत, आणि सर चहाच्या कपात बघत म्हणणार, "बसा मॅडम, गाडी सुटाले टाइम हाय." बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि खिडकीतून दक्षिणेकडे बघत राहायचे. तिकडे शाळेची पाण्याची टाकी आणि एक बाभळीचं झाड होतं. पण सर त्या दोन्हींच्या पलीकडचं काहीतरी बघत असायचे. वाक्य पुढे सरकायचं नाही. आपणच चहा संपवून उठायचं.

खामगाव ते जालना ही रेल्वे लाईन आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून येऊन राहिली आहे. मधूनमधून मोजणीवाले येतात, दुर्बिणी लावतात, चहा पितात, जातात. निवडणूक आली की लाईन जवळ येते, निवडणूक गेली की लांब जाते. लोक हसतात. सर हसत नसत. वर्गात जिल्ह्याचा नकाशा काढताना ते ही लाईन काढायचे. सुरुवातीला तुटक रेघेने, आणि वर्षं सरली तशी तिच्यामधल्या फटी आपोआप भरत गेल्या.

एकदा चाचणीत प्रश्न आला, जिल्ह्यातील रेल्वेमार्ग नकाशात दाखवा. अख्ख्या वर्गाने खामगावच्या पुढे रूळ टाकून गाडी थेट जालन्याला नेली, आणि सरांनी अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क दिले. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तिथेच गॅदरिंगचा फलक रंगवत बसले होते.

"सर, ही लाईन नाही."

"नाही कशी? आली नाही अजून."

"मग मार्क कसले दिले?"

"पोरं मोठी होतीन तवा येईन ना. आत्तापासून माहीत असलेलं बरं."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. मार्क मात्र तसेच राहिले, कारण सगळा वर्ग पुन्हा तपासायचा कंटाळा त्यांनाही होताच.

लोणारच्या सहलीत मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते. मागे पोरांच्या भेंड्या, पुढे ड्रायव्हरच्या शिव्या, आणि सर आपले खिडकीतून बोट दाखवत हळूहळू सांगत होते. "हे पाहा मॅडम, इथं रुळासाठी कटिंग हाय. आता उजव्या अंगानं पूल येईन. खाली पाहू नका, घेरी येते." बाहेर पाहिलं तर नुसतं कपाशीचं रान आणि एक शेळी. पण थोड्या वेळाने मलाही ते दिसायला लागलं. रानाच्या मधून एक भराव उठला, त्यावरून एक लांब गाडी आमच्या बसच्या जोडीने चालली, खिडकीतल्या बायकांचे पदर उडताहेत, कुणी दाण्यांची टरफलं बाहेर टाकतंय. मी डोळे मिटले तरी ती गाडी जाईना. एवढं खरं स्वप्न मला दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

त्याच सहलीत त्यांनी मला आक्काची गोष्ट सांगितली. सरांची थोरली बहीण, कौसाबाई. लग्न करून बीबी या गावी दिलेली. खामगावहून बीबी म्हणजे काही परदेश नाही, मेहकरवरून एसटीने जावं की आलं. पण आक्काला एसटी लागायची. नुसतं मळमळणं नव्हे, बसमध्ये पाय ठेवला की सुरू, ती उतरून झोपेपर्यंत. सर लहान असताना मुराळी होऊन तिला आणायला गेले होते. अर्ध्या वाटेत तिची अवस्था बघून कंडक्टरने दोघांना खाली उतरवलं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ती आडवी झाली आणि सर तिच्या डोक्यावर टॉवेलने वारा घालत बसले. "मी तिले म्हनलं, आक्का, रडू नको. रेल्वे आली की मी तुले रेल्वेनं आनतो. रेल्वेत नाही लागत म्हनते." पुढे माहेरपण असं तिला मिळालंच नाही. आई आजारी होती तेव्हा ती निघाली, मेहकरला उतरली आणि परत गेली. आई गेल्यावर पोचली.

हे सांगून सर पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मीही बाहेर पाहत राहिले.

निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. सरांनी 'छोटी लाईन मंडळ' काढलं, न आलेली लाईन मेजावर बांधायला. सभासद तीन. अध्यक्ष सर, मोटार वायंडिंगचं दुकान असलेले निसारभाई, आणि मी, कारण डोंगर आणि आभाळ रंगवायला कुणीतरी हवंच होतं. बाजारपेठेमागच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मालकाने आपलं शेड वापरायला दिलं. मशिनं कधीच विकली गेली होती, पण सरकी-कापसाचा वास भिंतींत मुरलेला होता आणि पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की त्यात रुईचे बारीक तंतू तरंगत राहायचे. कुठून यायचे कोण जाणे. तिथे बसलं की दुपार लांबत जायची, बाहेरचे आवाज दूर जायचे, आणि घरी भाजी आणायला सांगितली आहे हे मी अनेकदा विसरून गेले.

तिथे आम्ही लाकडी मेजं जोडून खामगाव ते जालना ही लाईन बांधायला घेतली. रूळ मुंबईहून कुरियरने मागवले, इंजिनाची मोटर निसारभाईंनी जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढली, डबे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे. पूल ज्वारीच्या धांड्यांचे, लहानपणी आपण ज्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचो त्याच. खिडकीतून डब्यात डोकावलं तर आत 'आपले नम्र' असं छापलेलं दिसायचं. जमिनीसाठी सर गावोगावची माती पिशव्यांत भरून आणायचे. खामगावची काळी, घाटातला मुरूम, साखरखेर्ड्याची वेगळी, बीबीची वेगळी. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. तसं म्हटलं की सर दुखावायचे. आभाळाच्या बाबतीतही तेच. मी एकच निळा पट्टा ओढला तर म्हणाले, "बीबीकडचं आभाळ असं नसते मॅडम. तिकडं ते जरासं खाली येते." मी आभाळ खाली आणून दिलं.

मंडळाचा नियम एकच आणि तो सरांचाच. चालत्या गाडीला हात लावायचा नाही. अडली तर अडली, वीज तपासा, रूळ पुसा, चाक बघा, पण बोटाने ढकलायचं नाही. "हात लावला की ते खेळणं होते," ते म्हणायचे. निसारभाईंनी एकदा सहज ढकलली, तर सरांनी त्या दिवशीचा चहा त्यांच्यासाठी मागवलाच नाही.

भांडण झालं ते वळणावरून. लाईन खामगावहून चिखली, चिखलीहून साखरखेर्डा अशी नीट आली, आणि तिथून जालन्याकडे वळायचं सोडून सरांनी ती उलट्या दिशेला, बीबीला नेली. मेजं संपत आली होती. त्यामुळे बीबीच्या अलीकडे रूळ फारच आखूड जागेत वळवावे लागले, आणि इंजिन तिथे दर वेळी आडवं व्हायचं.

"सर, ये मोड नहीं चलेगा," निसारभाई म्हणाले. "सीधी जालना लेके जाओ. बीबीवरून कोनता सर्वे गेला, सांगा मले."

"तिथं आक्का दिली हाय."

"रेल्वे बहिणीच्या घरून जात असते का?"

"कोनाच्या ना कोनाच्या घरूनच जाते, निसारभाई," सर शांतपणे म्हणाले. "आजपावतो पुढाऱ्याच्या घरून जात आली. एक डाव बहिणीच्या घरून जाऊ द्या."

निसारभाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. दुसऱ्या दिवशी ते चाकं घासत बसलेले दिसले.

मग सरांनी प्रदर्शन जाहीर केलं. रविवारचा दिवस, सर्वांसाठी खुलं. गुडघ्यांमुळे आक्काचं चालणं कमी झालं होतं, तब्येत उतरत होती. तिचा मुलगा जीपने तिला आणतो म्हणाला. सर मला म्हणाले, "आता ती येईन ते शेवटचंच येनं धरा. गाडी बीबीले पोचाले पाहिजे." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा घाई ऐकली. मला भीती वाटली, कारण आदल्या दिवशीपर्यंत गाडी त्या वळणावरून एकदाही धड गेलेली नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शेडबाहेर गर्दी बघून आम्ही चाटच पडलो. झालं होतं असं की आमच्या फलकावर मी मोठ्या हौसेने 'खामगाव-जालना रेल्वे : सर्वांनी पाहण्यास यावे' असं रंगवलं होतं, आणि बातमी गावोगाव पोचेपर्यंत तिच्यातलं खेळणं गळून पडलं होतं. साखरखेर्ड्याहून मंडळी हार आणि नारळ घेऊन आली होती. फेटेवाल्या एका म्हाताऱ्याने मेजाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून आपल्या गावाचं स्टेशन पाहिलं आणि विचारलं, "आमचं ठेसन एवढं लहान काऊन ठेवलं बाप्पा? बाजाराच्या दिवशी मानसं मावतीन का इथं?"

आता सर चिडणार, असं मला वाटलं. सर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." आणि पुठ्ठा कापून त्यांनी तिथल्या तिथे फलाट लांबवून दिला. म्हाताऱ्याचं समाधान झालं. त्याने फलाटासमोर नारळ फोडला, आणि पाण्याचे थेंब रुळावर उडाले म्हणून निसारभाई फडकं घेऊन धावले.

यानंतर जे सुरू झालं ते आमच्या हातातलं नव्हतं. एका बाईने ओटीतून ज्वारीचे चार दाणे काढून उघड्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, टाकले. "जालन्याले लेक हाय माही." मग कुणी तीळ टाकले, कुणी तूर, कुणी पत्र्यावरची रुई चिमटीत धरून तिची गाठ करून ठेवली. प्रत्येक जण आपला माल कुठे उतरवायचा ते सरांना सांगत होता आणि सर मान डोलावून लक्षात ठेवत होते. गाडी खामगावहून सुटायची, चिखलीला थांबायची, घाटातल्या पुलावरून सावकाश जायची आणि साखरखेर्ड्याला उभी राहायची. माणसं तिच्याबरोबर मेजाच्या कडेने सरकायची. उन्हाच्या पट्ट्यांतून रुई उतरत होती, आणि मला वाटलं आपण सगळेच कुठेतरी निघालो आहोत आणि पोचायची कुणालाच गडबड नाही. बीबीकडचा रूळ मात्र सरांनी सकाळपासून फडक्याने झाकून ठेवला होता.

दुपारी जीप आली. आक्का उतरली तीच मुळी मुलाच्या खांद्यावर. चेहरा पांढराफटक, मुठीत लिंबू, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिला आम्ही बाकावर निजवलं. सर तिच्या डोक्याशी उभे राहिले, वारा घालायला काही सापडेना म्हणून नुसतेच उभे राहिले.

निसारभाईंनी मला आणि सरांना बाजूला घेतलं. "एक काम करू," ते हळूच म्हणाले. "बीबीची पाटी उचलून साखरखेर्ड्यावर लावून देतो. गाडी तिथपर्यंत फर्स्ट क्लास जाते. आक्काले वाचता तर येत नाही."

"वाचता येत नाही," सर म्हणाले, "पन गाव वळखता येते."

थोड्या वेळाने आक्का उठून बसली, पाणी प्यायली, पदर नीट केला. सरांनी बीबीवरचं फडकं काढलं. गर्दी जवळ सरकली. गाडी साखरखेर्ड्याहून निघाली, वळणावर आली आणि लवंडली. ज्वारी सांडली. लोकांतून एक सुस्कारा उठला. निसारभाईंनी ती परत रुळावर ठेवली, दाणे परत भरले, चाकांना अडकलेली रुई सुईने काढली. दुसऱ्यांदा ती थोडी पुढे गेली आणि थांबली. इंजिन घरघरत होतं, चाकं फिरत होती, पण गाडी हलेना. आक्का मेजाची कड धरून समोर उभी होती, डोळे बारीक करून त्या इंजिनाकडे बघत.

सरांनी हात पुढे केला आणि एका बोटाने गाडी ढकलली. वळण संपेपर्यंत ते बोट तिच्या मागे राहिलं.

"सर, हात लावला," एक पोरगी म्हणाली. गाडीला हात लावते म्हणून तिला सकाळपासून चारदा दटावलेलं होतं.

"लावला," सर म्हणाले.

गाडी बीबीला पोचली. आक्काने वाकून गाव पाहिलं. विहीर पाहिली, शाळा पाहिली, पुठ्ठ्याच्या घरांवरून तिचं बोट फिरलं. "भीमा, माहं घर रस्त्याच्या त्या अंगाले हाय," ती सरांना म्हणाली.

सरांनी घर उचलून पलीकडे ठेवलं.

"आता ही गाडी खामगावले जाते का?"

"जाते ना."

"मंग थांबव जराशी," आक्का म्हणाली. ती हळूहळू बाकाकडे गेली, तिथली आपली पिशवी उचलली आणि परत येऊन बीबीच्या फलाटाशी उभी राहिली. मुलगा पिशवी घ्यायला पुढे झाला तर तिने त्याला मानेनेच नको म्हटलं.

निसारभाईंनी वीज इतकी कमी केली की गाडी मुंगीच्या चालीने निघाली. आक्का तिच्याबरोबर निघाली. एक हात मेजावर, एका हातात पिशवी. तिचे गुडघे दुखत असणार, ते तिच्या चालण्यात दिसत होतं, पण गाडी थांबली तिथेच ती थांबली. वळणावर सरांनी पुन्हा बोट लावलं. साखरखेर्ड्याच्या मंडळींनी बाजूला होऊन तिला वाट दिली. घाटातल्या पुलावर तिने खाली पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला, पण तसंच चालत राहिली. चिखलीला ती बराच वेळ उभी होती, म्हणून गाडीही उभी होती. शेडमध्ये फक्त त्या जुन्या मोटरचा आवाज येत होता. मी भिंतीला टेकून माझ्याच रंगवलेल्या आभाळाखालून तिला जाताना पाहत होते, आणि मला रडू येत होतं.

सर तोवर मेजाच्या दुसऱ्या टोकाला, खामगावच्या फलाटाशी जाऊन उभे राहिले होते. शर्ट नीट खोचलेला, केसांवरून हात फिरवलेला. स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला आलेला माणूस उभा राहतो तसे, मान जराशी उंच करून. गाडी आली. आक्का आली. सरांनी पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मग वाकून तिच्या पाया पडले.

"गर्दी होती का, आक्का?"

"होती," आक्का म्हणाली. "पन खिडकीपाशी जागा भेटली."

सरांनी पिशवी खांद्याला अडकवली. आक्काने त्यांचा दंड धरला, आणि दोघं माणसांमधून वाट काढत, सावकाश, शेडच्या दाराबाहेरच्या उन्हात घरी निघाले.